लागत तं नाही ना?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आपण एका जागी बसून राहायचं, ते येऊन साठतात. माझ्या खुर्चीखाली संध्याकाळपर्यंत कातडीचा पांढरा भुगा साठायचा, तसे. भुगा सकाळी चपराशी झाडून टाकायचा, किस्से तेवढे शिल्लक राहिले.

मी पाठक. घर अमरावतीचं, वकिली अकोल्याची. अमरावतीत तेव्हा अशिलांपेक्षा वकील जास्त झाले होते, म्हणून अकोल्याला आलो. पन्नास सालानंतरची गोष्ट. सनद घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली असतील आणि हा पाहुणा अंगावर आला तो कायमचा मुक्कामाला.

आजाराचं नाव सोरायसिस. आता हे नाव पुष्कळांना माहीत असतं. कोपरावर, गुडघ्यावर चट्टे असलेली माणसं आपण पाहतो. माझा प्रकार तो नव्हता. माझी डोक्यापासून तळपायापर्यंतची सगळी कातडी लाल व्हायची, सोलवटून निघायची, भेगा पडायच्या, ताप भरायचा. मग थोडे दिवस बरं, आणि पुन्हा तेच. हा आजार कोणाला लागत नाही आणि स्वतः जात नाही. ही एवढी दोन वाक्यं मी आयुष्यात जितक्यांदा बोललो तितकं कोर्टात बोललो असतो तर मोठा वकील झालो असतो.

सगळं गमतीने सांगणार आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षांत मला मरणाची भीती नव्हती. अंगाच्या आगीचीही सवय झाली होती. भीती एकच होती, की एक दिवस कोणीतरी म्हणेल, "पाठक, उद्यापासून तू व्हरांड्यात बस." वकिलाची प्रॅक्टिस कोर्टात चालत नाही, वकिलांच्या बाररूममध्ये चालते. तिथून उठवला की तो संपला. आणि आमच्याकडे महारोगाची भीती इतकी, की अंगावर पांढरं दिसलं की लोक आधी दोन पावलं मागे सरकत आणि मग नमस्कार करत.

*

अमरावतीला कातडीच्या रोगांचे एक मोठे डॉक्टर होते. आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी मला चड्डीवर उभं केलं, भिंग लावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चला, आता बरे होणार आपण.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "हा प्रकार मी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता."

मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आणखी दोघांना. कंपाउंडरही हात पुसत आला. मी मधे उभा, आणि ही मंडळी माझ्याभोवती फिरून पाहताहेत. "जरा वळा," कोणी म्हटलं की मी वळायचो. देवळातल्या मूर्तीला निदान वळावं तरी लागत नाही.

आई बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, की हे फार दुर्मिळ आहे, औषध देतो, पण मुळापासून जाईल असं सांगता येत नाही. यातलं तिने पहिलंच वाक्य घरी नेलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू विचारायला आल्या. "काय हो झालं मुलाला?"

"साधंसुधं नाही काही," आई म्हणाली. "लाखात एखाद्याला होतं म्हणे."

मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलो होतो तेव्हा ती ह्याच आवाजात बोलली होती.

*

डॉक्टरांनी दिलेलं मलम म्हणजे सरळ डांबर. तेच ते, रस्त्यावर टाकतात ते, फक्त जरा गाळून व्हॅसलिनमध्ये कालवलेलं. रोज सकाळी अंगभर फासायचं आणि वरून कपडे चढवून कोर्टात जायचं.

आता तात्यासाहेब देशमुखांची ओळख करून द्यायला हवी, कारण यापुढे ते जागोजागी येणार आहेत. तेल्हाऱ्याकडचे, घरची भरपूर शेती, भरदार शरीर, कायद्याचं डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. बाररूममध्ये त्यांचा शब्द शेवटचा. शिकले नागपूरला, पण बोलणार अस्सल वऱ्हाडी, जज्जसमोर सोडून सगळीकडे.

डांबराच्या पहिल्या दिवशी मी बाररूममध्ये शिरलो आणि एक म्हातारे वकील वर्तमानपत्र खाली ठेवून हवेत वास घेऊ लागले. कोर्टासमोरच्या रस्त्यासाठी त्यांनी नगरपालिकेकडे कितीतरी वर्षं अर्ज केले होते. ते उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर वाकून पाहिलं.

"काहो तात्यासाहेब, सडक बनून राहिली का आपली?"

तात्यासाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नाही. पाठक आला."

*

पण हसून झालं की कुजबुज सुरू व्हायचीच. मी आत आलो की ती थांबायची, त्यावरून मला कळायचं. एक दिवस तात्यासाहेबांनी सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं. आडपडदा नाही.

"पाठक, लागते का हे?"

"नाही."

"डॉक्टर म्हनते का तूच म्हनतो?"

"डॉक्टर म्हणतात."

"मंग ठीक. पन तू आपला त्या खिडकीपाशी बसत जाय. वारा बाहेर जाते, बाकीच्यायच्या मनाले बरं वाटते."

झालं. माझी खुर्ची खिडकीपाशी गेली आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. बाररूममध्ये राहिलो, व्हरांड्यात गेलो नाही, याचंच मला इतकं हायसं वाटलं की मी घरी जाऊन साखर खाल्ली.

अकोल्यात वारा खिडकीतून आत येतो, बाहेर जात नाही. हे तात्यासाहेबांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.  उन्हाळा लागल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की खोलीतली सगळ्यात चांगली जागा पाठकला मिळाली आहे.

*

त्या चांगल्या जागेचा मला उपयोग मात्र शून्य. हे सांगून लोकांना खरं वाटत नाही. कातडी इतकी जळालेली असली की अंगातली ऊब अंगात राहत नाही. भर मे महिन्यात मला थंडी वाजायची.

अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बाररूमच्या दारांना वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या, चपराशी त्यांवर पाणी मारून थकलेला, मोठमोठे वकील बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेताहेत. आणि खिडकीपाशी मी, काळी घोंगडी पांघरून, दात वाजवत.

हिवरखेडकडचा एक म्हातारा शेतकरी तात्यासाहेबांना शोधत आत आला. त्याने मला पाहिलं. विस्कटलेली दाढी, लाल चेहरा, घोंगडी. त्याने पायताण दाराबाहेर काढून ठेवलं, हळूच जवळ आला, खाली वाकला आणि दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले.

कित्येक महिन्यांत मला डॉक्टरांशिवाय कोणी हात लावला नव्हता. मी पाय मागे घ्यायचं विसरलो. म्हातारा उठला. त्याच्या हाताला पांढरा भुगा लागला होता. त्याने तो पाहिला आणि भक्तिभावाने कपाळाला लावला.

"कोनता मठ म्हनायचा महाराजांचा?" त्याने तात्यासाहेबांना विचारलं.

म्हातारा गेल्यावर तात्यासाहेबांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"पाठक," ते म्हणाले, "वकिली सोड. तुले तं अंगारासुदा बाहेरून आनावा लागनार नाही."

*

औषधं सांगणारांची तर रांगच असायची. ज्याला स्वतःची सर्दी बरी करता येत नाही तो मला सोरायसिसवर औषध सांगायचा. कडुनिंबाचा पाला उकळून पी. म्हशीच्या दुधात बस. करंजाचं तेल लाव. कुठल्याशा कुंडात आंघोळ कर, येताना मागे वळून पाहू नको. मी सगळं केलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वरूडचा एक बागाइतदार अशील होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, महिनाभर नुसते संत्रे खा. पोळी नाही, भात नाही, काही नाही. कातडी लेकरासारखी होते." आणि तो दर आठवड्याला संत्र्यांची पेटी पाठवू लागला. भला माणूस. मी महिनाभर संत्री खाल्ली. ओठांच्या भेगांवर संत्र्याचा रस पडला की काय होतं ते मी इथे सांगत नाही.

महिना संपला. कातडी होती तशीच. तो भेटायला आला तेव्हा मी सहज विचारलं, "काहो, या औषधाने आधी कोण बरं झालं होतं?"

तो प्रामाणिक होता. "तसं कोनी नाही," तो म्हणाला. "पन औंदा संत्रे लय झाले होते."

*

मग वानखडे आला. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला, त्या घराण्यातला पहिला वकील. बारीक, उंच, कपडे कडक इस्त्रीचे, आणि खाण्याचा इतका शौकीन की कोणाच्या डब्यात काय आहे ते वासावरून सांगायचा.

पहिल्या दिवशी त्याला बाररूममध्ये एकच खुर्ची रिकामी दिसली, माझ्या शेजारची. तो सरळ येऊन बसला.  तात्यासाहेबांनी त्याला खुणेने बोलावून काहीतरी सांगितलं. वानखडे परत आला, पण बसला नाही.

"लागत तं नाही ना?" त्याने मला विचारलं. "घरी लायनी लेकरं आहेत, म्हनून विचारलं."

"नाही लागत."

"मंग ठीक." आणि बसला. त्याच्या विचारण्याचा मला राग आला नाही. त्याने तोंडावर विचारलं होतं.

आठवडाभर त्याने सगळं पाहून घेतलं. बाररूमच्या माठावर पितळी ग्लास असायचे. माझा ग्लास वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. चपराशी मला पाणी द्यायचा तेव्हा वरून धार धरायचा, त्याच्या भांड्याला माझा ग्लास लागू नये म्हणून. मला त्याची सवय झाली होती. सवय होते, हेच वाईट असतं.

"पाठक," वानखडेने विचारलं, "हे कवापासून चालू आहे?"

"झाली तीन-चार वर्षं."

"हं. आमचं लय जुनं आहे." एवढं बोलून त्याने चपराश्याला हाक मारली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "अरे, उद्यापासून माझाही ग्लास तिथंच खिडकीत ठेवत जाय. माझ्या बापाले सवय होती, मलेही जमते."

 तात्यासाहेबांनी वर्तमानपत्र उलटं-सुलटं केलं. दुसऱ्या दिवशी मी आलो तर खिडकीत ग्लासच नव्हता. माठावरचे ग्लास मोजायला मी काही गेलो नाही, पण एक जास्त असावा.

*

माझ्या रोगाचा फायदा पहिल्यांदा तात्यासाहेबांच्याच लक्षात आला. एका शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात ते मोठे वकील आणि मी त्यांच्या हाताखाली. समोरच्या पक्षाचा साक्षीदार पक्का पढवलेला. तात्यासाहेबांनी सकाळभर उलटतपासणी केली, गडी एक अक्षर हलला नाही. ते कंटाळून बसले आणि मला म्हणाले, "तू पाहाय बरं."

मी उठलो आणि नकाशा दाखवण्यासाठी पिंजऱ्याजवळ गेलो. साक्षीदार मागे सरकला. मी आणखी जवळ गेलो, कारण नकाशा लहान होता. तो कठड्याला टेकला. आता मागे जागा नव्हती.

"हा धुरा कोणी फोडला?" मी विचारलं.

"आमीच फोडला," तो म्हणाला. "तुमी तिकडे सरका ना जरा, समदं सांगतो."

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर पाठक, साक्षीदाराला धाक दाखवू नका."

"साहेब, मी फक्त उभा आहे."

त्यानंतर वर्षभर तात्यासाहेब मला बरोबर घेऊन जात. "कागद वाचून येऊ नको," ते सांगायचे. "फक्त उभा राहाय."

*

साठ सालाच्या पुढेमागे अमरावतीच्या डॉक्टरांना मुंबईहून नव्या गोळ्या मिळाल्या. छोट्या, पांढऱ्या. "मिरॅकल आहे," डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, महिन्याभरात माझी कातडी अशी झाली की आरशात मला मी ओळखू आलो नाही. बाररूममध्ये लोक येऊन बघून गेले. न्हाव्याने दुकानात बसवून दाढी केली, इतके दिवस तो घरी येऊनही करायला तयार नव्हता. आईने अमरावतीच्या आळीत पेढे वाटले आणि दोन ठिकाणी मुलीसुद्धा सुचवून झाल्या.

मग डॉक्टर म्हणाले की या गोळ्या कायम घेता येत नाहीत, हाडं पोकळ होतात, आता बंद करू.

गोळ्या बंद केल्या आणि आजार व्याजासकट परत आला. या वेळी नुसती लाली नाही, अंगभर पुवाचे फोड. ताप उतरेना. मला अमरावतीला इस्पितळात ठेवलं. चादर अंगाला चिकटायची आणि काढताना कातडी घेऊन निघायची, म्हणून तिथल्या सिस्टरने केळीची पानं आणवली, पलंगावर अंथरली आणि मला उघड्या अंगाने त्यांवर निजवलं. त्यांचा गारवा बरा वाटायचा. वाचतो की नाही याची खात्री कोणालाच नव्हती. ज्यांनी मुली सुचवल्या होत्या ते आळीतून दिसेनासे झाले.

अकोल्याहून तात्यासाहेब भेटायला आले. एवढा जाडजूड माणूस, एसटीने, उन्हातान्हात. ते दारातच थांबले. हात पाठीमागे बांधलेले. माझ्याकडे पाहिलं, माझ्याखालच्या पानांकडे पाहिलं.

"पाठक," ते म्हणाले, "तुले तं वाढूनच ठेवलं रे पानावर."

मला हसू आलं आणि हसताना ओठ फुटले. सिस्टर त्यांच्यावर रागावली. ते तासभर तिथेच दारात उभे राहिले, कोर्टाच्या गप्पा सांगत. सिस्टरने स्टूल आणून पलंगाशेजारी ठेवलं, त्यावर मात्र बसले नाहीत. जाताना लांबूनच हात जोडले.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ते माझ्यासाठी पुष्कळ करत. माझ्याकडे कामं पाठवत, माझी बाजू घेत, माझ्यावर विनोद करत, आणि ज्याच्यावर विनोद होतो त्याला कोणी घालवून देत नाही हे मला कळत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांचं बोटही मला लागलं नव्हतं. मी कागद दिला तर ते म्हणत, "ठेव तिथं टेबलावर." ते मला लागायचं. कातडीपेक्षा जास्त लागायचं.

*

आता शेवटचा.

हिवरखेडची शेवंताबाई म्हणून एक बाई तिच्या भावाबरोबर माझ्याकडे आली. नवऱ्याने तिच्यावर घटस्फोटाचा दावा लावला होता. नव्या कायद्यात बरा न होणारा महारोग हे घटस्फोटाचं कारण होतं, आणि नवऱ्याचं म्हणणं, हिला महारोग आहे. बाकीच्या वकिलांनी तिला बघून माझ्याकडे पाठवली होती.

मी तिचे हात पाहिले. पाहताक्षणी ओळखलं. माझाच आजार, माझ्याइतकाच. इतक्या वर्षांत मला भेटलेलं हे पहिलं माणूस. मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे, पण परगावी आपल्या गावचं कोणी भेटावं तसं काहीसं. मी खुर्ची पुढे ओढून म्हटलं, "बसा बाई."

तिने माझा चेहरा पाहिला, हात पाहिले, पदर सावरला आणि भावाच्या आड झाली.

"काहो वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुमच्यापासून मले लागत तं नाही ना?"

नवऱ्याचं वकीलपत्र तात्यासाहेबांकडे होतं. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, "पाठक, अशील माझ्या घरोब्यातला आहे. मी काही हात राखून लढनार नाही." मी म्हटलं, "लढू नका राखून."

ही केस हरलो तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. कोर्टाने एकदा लिहून दिलं असतं की असली कातडी म्हणजे महारोग, की शेवंताबाईचं घर गेलं आणि माझी खुर्ची. तिच्याबरोबर मीही त्या दाव्यात उभा होतो. फक्त माझं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी येऊन साक्ष दिली, की हा महारोग नाही, हा लागत नाही. तात्यासाहेबांनी त्यांना घाम फोडला. "लागत नाही, हे आपण पुस्तकात वाचलंत, की कोणाबरोबर राहून पाहिलंत?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुद्दा जज्जसाहेबांनी लिहून घेतलेला मी पाहिला, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

निकाल बाईच्या बाजूने लागला, हे आधीच सांगून टाकतो. सहा-आठ महिन्यांनी नवरा येऊन तिला घेऊनही गेला. पण हा किस्सा निकालाचा नाही, त्याआधीच्या एका दुपारचा आहे.

शेवटच्या युक्तिवादाचा दिवस. माझं बोलणं जेवणाच्या सुट्टीआधी आटोपलं. सुट्टीनंतर तात्यासाहेब बोलणार. सुट्टीत बाररूममध्ये चहावाला केटली घेऊन वळला, तात्यासाहेबांचा धक्का लागला आणि केटलीभर चहा त्यांच्या काळ्या कोटावर. उजवी बाही, छाती, सगळं चिंब, वर साखरेचा चिकटा. तेवढ्यात चपराशी पुकारा करत आला, साहेब येऊन बसलेही होते. कोटाशिवाय जज्जसमोर उभं राहता येत नाही. अशा वेळी कोणाचाही कोट उचलून अंगात घालायचा, ही कोर्टातली रीतच आहे. खुंट्यांवर, खुर्च्यांवर तेव्हा चार-पाच कोट होते. वानखडेचा तर कडक इस्त्रीचा.

माझ्या कोटाबद्दल मी अजून काही बोललो नाही. अंगाला घासू नये म्हणून मी दोन माप मोठा कोट शिवून घ्यायचो. आणि काळ्या कापडावर माझी कातडी पडायची. कितीही झटका, दुपारपर्यंत कॉलर आणि खांदे पीठ सांडल्यासारखे. अकोल्याच्या कोर्टात तो कोट लांबून ओळखू यायचा.

मी तो काढून खुर्चीच्या पाठीला लावला होता. तात्यासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मग सरळ माझ्याकडे आले, माझा कोट उचलला आणि बाहीत हात घातला.

"तुझाच होईल मले," ते म्हणाले आणि निघाले.

वानखडे डबा उघडत होता. तो तसाच थांबला.

माझ्या अंगावर कोट नव्हता, म्हणून मला पुढे बसता येईना. मी मागे प्रेक्षकांच्या बाकावर शेवंताबाईशेजारी जाऊन बसलो. पुढच्या बाकावर तिचा नवरा होता. तात्यासाहेबांनी सुरुवात केली. त्यांचं बोलणं नेहमीच सुंदर, त्या दिवशी तर रंगलं होतं. जज्जसमोरची त्यांची ती स्वच्छ भाषा.

"साहेब, पुस्तकं काहीही म्हणोत. संसार पुस्तकात होत नाही. ज्याच्या अंथरुणाला आपलं अंथरूण लागू द्यावंसं वाटत नाही, ज्याचा कपडा आपल्या अंगाला लागला तर माणूस आंघोळ करील, अशा माणसाबरोबर राहा असं कायदा कोणाला कसं सांगू शकतो?"

आणि 'कोणाला' म्हणताना त्यांनी सवयीप्रमाणे आपल्या खांद्यावर थाप मारली. खिडकीतून ऊन येत होतं. खांद्यावरून पांढरा भुगा उडाला आणि उन्हात तरंगत राहिला.

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी त्या भुग्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर शर्टावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. शेवंताबाईचा नवरा आपल्या वकिलाच्या पाठीकडे बघत होता.

"मिस्टर देशमुख," जज्जसाहेबांनी विचारलं, "हा कोट कोणाचा?"

तात्यासाहेबांनी मान खाली घालून बाहीकडे पाहिलं. 

"बाररूमचा, साहेब," ते म्हणाले, आणि गळ्यापाशी उघडं राहिलेलं बटण लावून पुढे बोलू लागले.